पेल्यावर कोणाचा ठसा?

केंटकीतल्या जुन्या घरांत मिंट जुलेपचा पेला कसा धरावा याचा एक शिरस्ता आहे. पेला चांदीचा, पंजात मावेल एवढा, काठाला बारीक मण्यांची कड. आत साखर, पुदिना, बर्बन आणि वर शिगोशीग ठेचलेला बर्फ. जरा वेळाने पेल्याच्या बाहेरून पांढरी झाक चढते. बोटांच्या उबेने ती पुसली जाऊ नये म्हणून पेला काठाला नाहीतर बुडाशी धरायचा. पुदिन्याचा तुरा नाकाशी येईल असा खोचलेला असतो, त्यामुळे घोटाआधी वास पोचतो. बर्फ पूर्वी न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापून जहाजांनी दक्षिणेत यायचा. या धंद्याचा जनक बॉस्टनचा फ्रेडरिक ट्युडर. त्याने १८३३ साली तसाच बर्फ कोलकात्याला पोचवला, आणि पाठोपाठ तो मुंबईकरांनाही मिळू लागला.

एका पेयासाठी एवढी निगुती दाखवणाऱ्या लोकांना पाहुण्याची कदर होती, याबद्दल मला शंका नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतला पाहुणचार उगाच नावाजलेला नाही. व्हर्जिनिया, जॉर्जिया, लुईझियानात आजही पणजीच्या काळातली चांदी आणि चिनी मातीची ताटे काढून मित्रांना जेवायला बोलावतात. मला हे मनापासून आवडते. कुलूपबंद कपाटातल्या भांड्यांपेक्षा वापरून झिजलेली भांडी केव्हाही चांगली. पण ती मेजावर मांडली की त्यांची सगळी हकीकतही मेजावर यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

अर्धी हकीकत सांगणारे पुष्कळ भेटतात. चांदीचा जाणकार पेला उलटा करतो, बुडाचा ठसा वाचतो आणि सांगतो, हा लेक्सिंग्टनच्या एसा ब्लँचर्डच्या पेढीचा. ब्लँचर्ड १८३८ साली वारला, त्यावरून पेल्याचे वयही ठरते. मात्र तो पेला वर्षानुवर्षे कोणी उजळला आणि त्यात जुलेप कोणी बनवला, हे कुठल्या ठशात सापडणार?

रिचमंडमध्ये ज्याच्या जुलेपची ख्याती होती तो जॉन डॅबनी गुलाम होता. मालकीण त्याला हॉटेलांत कामाला लावायची आणि त्याच्या मजुरीवर तिचा हक्क असायचा. स्वतःच्या वाट्याला आलेले पैसे साठवून त्याने आधी पत्नीला सोडवले, मग स्वतःच्या सुटकेची किंमत हप्त्यांनी फेडायला घेतली. ती पुरती फिटण्याआधीच यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरीही संपली. कायद्याने आता तो काही देणे लागत नव्हता. तरी शब्द दिला म्हणून उरलेली रक्कम त्याने मालकिणीला नेऊन दिली. दक्षिणेतल्या लोकांना ही गोष्ट फार प्रिय होती. त्याच्या सचोटीचे कौतुक ते करत राहिले. मला त्यात त्याची सचोटी दिसतेच, पण ते पैसे घेणारा हातही दिसतो. दिलदारीची ख्याती मिरवणाऱ्या समाजात तो हात मागे घ्यावासा वाटला नाही.

मोंटिसेलोत, टॉमस जेफरसनच्या घरी, पाहुण्यांची रीघ असायची. तिथले जेवणघर नीट पाहावे. शेकोटीच्या दोन्ही अंगांना वाईनच्या बाटल्यांसाठी छोटे पाळणे बसवले आहेत. खाली तळघरात कोणीतरी बाटली ठेवायचे, वर यजमान ती काढून घ्यायचा. एक दार मधल्या खुंटावर फिरते आणि त्याच्या एका अंगाला फळ्या आहेत. बाहेरून त्यांवर पदार्थ मांडले आणि दार फिरवले की जेवण आत येई, वाढणारा बाहेरच राही. समतेवर गप्पा रंगाव्यात आणि गुलाम नजरेला पडू नयेत, अशी सोय त्या घराच्या बांधणीतच होती.

तिथला आचारी जेम्स हेमिंग्ज. जेफरसनने त्याला पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला आणि १७९६ मध्ये मुक्त केले, तेही धाकट्या भावाला सगळे शिकवून तयार करण्याच्या अटीवर. जाण्यापूर्वी जेम्सने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली. तांब्याची पातेली, झाकणे, साचे, सगळे मोजून. तो कागद आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. जुन्या भांड्यांच्या शौकिनाने वाचावा असा याहून मोलाचा कागद मला माहीत नाही.

गुलामगिरी गेल्यावरही दार सर्वांसाठी उघडले नाही. प्रवासात कुठल्या गावी जेवण मिळेल, कुठे रात्र काढता येईल, हे कृष्णवर्णीयांना कळावे म्हणून न्यूयॉर्कचा पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन १९३६ पासून एक मार्गदर्शिका काढत होता. हॉटेलांना वर्ण पाहून माणूस परतवण्याची मनाई संघराज्याच्या कायद्याने झाली ती १९६४ मध्ये. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. पंगतीत कोण बसते आणि कोण दाराबाहेर राहते, हा प्रश्न मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगायला नको.

जेवताना असले विषय काढून पाहुण्यांचा विरस कशाला, असे म्हणणारे असतात. पण याच मेजांवर, यादवी युद्धात उत्तरेच्या सेनापती शर्मनची फौज आली तेव्हा घरची चांदी जमिनीत कशी पुरली, ही गोष्ट पिढ्यान्पिढ्या चवीने सांगितली गेली आहे. म्हणजे इतिहासाने घास अडत नाही. चांदी पुरल्याची गोष्ट सांगता येते, तर डॅबनीची का नाही? शिवाय ती सांगितल्याने पाहुणचार उणावत नाही, उलट त्याचे खरे धनी कळतात. एडना लुईस १९१६ मध्ये व्हर्जिनियातल्या फ्रीटाउनमध्ये जन्मली. गुलामीतून सुटलेल्यांनी वसवलेली ही वस्ती, आणि तिचे आजोबा त्या वसवणाऱ्यांपैकी एक. १९७६ च्या 'द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग' या पुस्तकात तिने तिथले जेवण ऋतूंप्रमाणे लिहून ठेवले, आणि त्यात मुक्तिदिनाच्या मेजवानीचा बेतही दिला. दक्षिणेच्या पाहुणचारावर पुस्तके लिहिणाऱ्यांनी सुरुवात या बेतापासून करावी, मोठ्या हवेल्यांचे वर्णन मागाहून आले तरी चालेल.