तीन कुत्र्यांचें नांव

लाब्रादोरच्या कोळी लोकांत सेवा करणारे मिशनरी डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल हे इंग्लंड-अमेरिकेंतील शाळा-कॉलेजांत व्याख्यानें देत, व तीं ऐकून कित्येक विद्यार्थी सुटींत बिनपगारी त्यांच्या कामास जात. त्यांची एक गोष्ट फार गाजली. एप्रिल १९०८ मध्यें एका आजारी मुलाकडे कुत्र्यांच्या गाडीनें जात असतां खाडीवरील बर्फ फुटला, व कुत्र्यांसह ते एका तुकड्यावर समुद्राकडे वाहत चालले. गारठ्यांत जीव तगावा म्हणून त्यांनीं स्वहस्तें तीन कुत्रीं मारून त्यांचीं कातडीं पांघरलीं. पायांच्या हाडांची काठी करून तिच्यावर सदरा फडकाविला. दुसऱ्या दिवशीं होडी आली.

बंधूंनो, अशा गोष्टींत वाहवा होते ती सांगणाऱ्याची. आणि ती गोड लागते, हें आम्हां उपदेशकांस ठाऊक आहे. पण ग्रेनफेल यांनीं सेंट अँथनी येथें कांशाची पाटी लाविली, ती मूडी, वॉच व स्पाय या कुत्र्यांच्या नांवाची. मुक्या जनावरांची तुलना आम्ही प्रभूशीं करीत नाहीं. त्यांचा जीव घेतला गेला, त्यानें तो आपण होऊन दिला. मग त्याचें नांव मागें ठेवून आपलीच साक्ष रंगविणें आपणांस शोभतें काय?

तो मुलगा? बर्फ निघून गेल्यावर त्याला होडीनेंच इस्पितळांत आणिलें, व तो बरा होऊं लागला.