गुणवत्ता आणि न्याय

26 जुलै 1902 रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. अशा आरक्षणाने गुणवत्तेवर अन्याय होतो, हा आक्षेप आजही घेतला जातो. तथापि परीक्षेतील गुणांत घरच्या शिक्षणपरंपरेचाही वाटा असल्यामुळे औपचारिक समता, म्हणजे सर्वांना सरसकट एकच नियम लावणे, विषम समाजात जुन्या वर्चस्वाचेच रक्षण करते. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतील आरक्षण हे समान संधीच्या तत्त्वाचेच अंग मानले, परंतु इतर मागासवर्गांतील 'क्रीमी लेअर', म्हणजे सुस्थित स्तर, वगळण्यास सांगितले. कारण लाभ त्याच स्तरात साचत राहिला, तर आरक्षणाचा नैतिक आधारच दुबळा होतो.