गाडी तीच काय?

पुणतांब्यास गोदावरीच्या काठीं आमचें वडिलोपार्जित घर आहे. त्या घराच्या माडीवर ठेवलेल्या एका पत्र्याच्या ट्रंकेंत दोन वर्षांपूर्वीं आम्हांस दोन छायाचित्रें आणि मोटारीच्या कराची एक जुनी पावती सांपडली. एखादी वस्तु बदलत जाऊनही तीच राहते म्हणजे काय होतें, हा प्रश्न आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गांत पंचवीस वर्षें मोठ्या निश्चिंतपणें शिकवीत आलों. त्या ट्रंकेमुळें तो आमच्याच दारांत येऊन उभा राहिला, आणि वर्गांतील उत्तरें तेथें फारशीं उपयोगीं पडलीं नाहींत.

पहिल्या छायाचित्रांत आमचे आजोबा एका शेव्हरले मोटारीच्या पायरीवर पाय ठेवून उभे आहेत. चित्राच्या पाठीवर १९३० हें साल आहे. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग आगबोटीनें येत आणि गाडी येथें उभी राही. १९२९ च्या नमुन्यापासून शेव्हरलेस सहा सिलिंडरांचें इंजिन आलें, आणि गुळाचे चार पैसे गांठीं असलेल्या बागाइतदारासही तिचा मोह पडूं लागला. आजोबांस तो पडला. दुसऱ्या छायाचित्रांत मोटार नाहीं. नदीच्या उतारावर लांकडी ओंडक्यांच्या चौकटीवर तिचें इंजिन बसविलेलें आहे, त्यावरून पट्टा पंपाच्या चाकावर गेला आहे, आणि शेजारीं हातांत पाना घेऊन ड्रायव्हर उकिडवा बसला आहे.

मधली हकीकत आजीच्या तोंडून ऐकलेली. लढाईंत पेट्रोलवर नियंत्रण आलें, टायर मिळेनात, तेव्हां मोटार विटांवर चढवून गोठ्याशेजारीं ठेवली. लढाई संपली तरी ती खालीं उतरली नाहीं. पुढें एका उन्हाळ्यांत मळ्यांतील ऊंस वाळूं लागला, तेव्हां ड्रायव्हर आजोबांस म्हणाला, "मालक, गाडी बसली ती बसली, इंजिनानं कशाला बसावं?" त्यानेंच तें उतरविलें, त्यानेंच पंपास जोडलें. कित्येक उन्हाळे त्या इंजिनानें मळा जगविला. अखेर तें झिजून भंगारांत गेलें, आणि १९६० नंतर केव्हां तरी उरलेला सांगाडा मुंबईच्या एका व्यापाऱ्यानें नेला.

आमच्या भाच्यानें पहिलें छायाचित्र जुन्या मोटारींच्या शोधकांच्या एका मंडळाकडे इंटरनेटवरून पाठविलें. या मंडळींविषयीं आमच्या मनांत पूर्वीं थोडा उपहास होता, तो येथें कबूल करणें बरें. धनिकांचा खेळ, असें आम्ही म्हणत असूं. परंतु त्यांची शोधाची रीत पाहिली आणि उपहास ओसरला. कोणाच्या तरी लग्नाच्या छायाचित्रांत मागें मोटारीचा अर्धा नंबर दिसतो. दुसऱ्याच्या संग्रहांत उरलेला अर्धा सांपडतो. दिव्यांची घडण, चाकांच्या आऱ्या, काचेची चौकट ताडून साल ठरतें. मग चासीवर ठोकलेला अंक पाहून गाडीची ओळख पटते. भांडारकर संस्थेंत महाभारताच्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्या पंडितांच्या चिकाटीहून ही चिकाटी निराळ्या जातीची नाहीं. दहा दिवसांत मुंबईच्या एका गृहस्थांचें पत्र आलें. ती गाडी त्यांच्यापाशीं होती. आमच्या पावतीवरील चासीचा अंक तिच्याशीं तंतोतंत जुळला. इंजिनाचा अंक अर्थातच जुळला नाहीं.

येथें कायद्याची थोडी माहिती दिली पाहिजे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या मोटारींच्या नोंदणीचे निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली खाजगी गाडी त्यांत बसते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात, आणि नंबरांत 'व्हीए' हीं अक्षरें मिळतात. अट अशी कीं, गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी. चासी, वरचा सांगाडा किंवा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा. त्याच बनावटीचें, त्याच काळचें दुसरें इंजिन बसविणें हा फेरबदल कीं दुरुस्ती, यावर दोन वकील दोन मतें देतील. गृहस्थांस हा वाद नको होता. त्यांनीं मोठ्या सौजन्यानें लिहिलें कीं, पहिलें छायाचित्र तेवढें पाठवावें. पावतीची गरज नाहीं, आणि पंपाची गोष्ट कोठें न निघाल्यास बरें.

मिलिंदप्रश्नांत भिक्षु नागसेन राजाला विचारतो: आपण रथांतून आलांत ना? मग दांडी म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो, आणि रथ हें या सर्व भागांच्या आश्रयानें पडलेलें एक नांव आहे, येथें येऊन थांबतो. वर्गांत हें उत्तर मुलांस फार आवडतें. पण आमच्या गृहस्थांच्याही तें पथ्यावर पडतें! गाडी म्हणजे नुसतें नांव, तर मग इंजिन कोणतें याची चौकशी कशास?

इंग्लंडांत हाच प्रश्न १९९० सालीं न्यायालयापुढें आला. १९२९ व १९३० सालीं ल मान्सची शर्यत जिंकणारी 'ओल्ड नंबर वन' नांवाची बेंटली एक कोटि पौंडांस विकावयाची ठरली, आणि मूळ गाडींतील फारच थोडे भाग उरले आहेत म्हणून घेणारा मागें सरला. न्यायमूर्तींनीं निर्णय दिला कीं, गाडी खरी आहे: तिच्यांत एकामागून एक बदल होत गेले, परंतु त्या सांखळींत ती एकच गाडी राहिली. हें आम्हांस नागसेनाच्या पुढचें पाऊल वाटतें. भाग बदलले तरी चालतील. सांखळी मात्र दिसली पाहिजे. आणि तिच्यांतील नेमकी एक कडी आम्हीं लपवावी, अशी येथें मागणी होती.

कोल्हापुरास दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक रस्त्यावर निघते, तेव्हां तिच्यांतील कोणता खिळा मूळचा हें कोणी मोजीत बसत नाहीं. लोक तिला ओळखतात तें ती निघते म्हणून. आमच्या नगरच्या रणगाडा-संग्रहालयांत रोल्सरॉइसची चिलखती मोटार आहे. श्रीमंतांसाठीं घडविलेल्या चासीवर युद्धानें पोलाद चढविलें, आणि त्या बदलामुळेंच ती आज पाहण्याजोगी ठरली आहे. मग आमच्या शेव्हरलेला पंपाचीं वर्षें लाज आणणारीं कां ठरावीं? पुणतांबें हें चांगदेवांच्या समाधीचें गांव. योगबळानें चौदाशें वर्षें देह राखलेल्या चांगदेवांनीं ज्ञानदेवांस कोरें पत्र धाडलें, आणि एवढीं वर्षें जगूनही हा कोराच राहिला असें मुक्ताबाई म्हणाल्या, ही कथा आमच्याकडे लहान मुलांसही ठाऊक असते. गृहस्थांनीं पाठविलेलें गाडीचें रंगीत छायाचित्र पाहतांना आम्हांस ती आठवली. गाडीवर एक ओरखडा नव्हता.

आमचे एक स्नेही वकिली करतात. त्यांनीं आम्हांस चांगलेंच फैलावर घेतलें. "तुमच्या घरानें सांगाडा भंगाराच्या भावानें विकला. त्या गृहस्थानें पैसा आणि वर्षें खर्चून तो वांचविला. आतां नोंदणी अडली तर नुकसान त्याचें, आणि सत्यवादी म्हणून मिरवणार तुम्ही!" विकलेल्या वस्तूवर आमचा हक्क उरला नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. सत्य सांगण्याची किंमत दुसऱ्यानें भरावयाची असली म्हणजे तें सांगणें फार सोपें जातें, हेंही खरें. तरीही मागणी निव्वळ मौनाची नव्हती. दोन्ही छायाचित्रें ट्रंकेंत ठेवून आम्ही गप्प बसलों असतों, तर गोष्ट निराळी. एक पुढें करून दुसरें दडवावयाचें म्हणजे पहिल्याला खोटी साक्ष द्यावयास लावणें होय.

म्हणून आम्हीं दोन्ही छायाचित्रें आणि पावतीची नक्कल पाठविली, व इंजिनाची हकीकत आजीकडून ऐकली तशी लिहिली. पत्रांत थोडा उपदेशाचा सूरही आला होता. दीड महिना उत्तर आलें नाहीं. मग आलें तें चार ओळींचें: सर्व कागद अर्जास जोडले आहेत, निकाल यावयाचा आहे, गाडीजवळ दोन्ही चित्रें लावावयाचीं आहेत, तरी पंपाजवळ बसलेल्या माणसाचें नांव कळवावें.

आमच्या घरांत त्याला ड्रायव्हरच म्हणत. पहिलें छायाचित्र पुन्हा काढून पाहिलें. तेथेंही तो आहे, स्टिअरिंगमागें, काचेच्या चौकटीनें अर्धा झांकलेला. गेल्या महिन्यांत पुणतांब्यास जाऊन वेशीजवळच्या तीन वृद्धांस आम्हीं विचारलें. एकाला त्याची बिडी ओढण्याची ढब आठवली. दुसऱ्याला, तो नदीपलीकडून येत असे, एवढें आठवलें. नांव कोणासही सांगतां आलें नाहीं. गृहस्थांच्या पत्राचें उत्तर अद्याप लिहावयाचें आहे.