मुलांस शिकावयास कोठें पाठवावें?

बारावीचा निकाल लागला म्हणजे गांवोगांवच्या घरांत एक वाद सुरू होतो. लेकरूं उत्तीर्ण झालें याचा आनंद दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशीं विचारणा होते कीं, आतां पुढें कोठें? तालुक्याच्या महाविद्यालयांत कीं पुण्यास? आपल्याच भागांतील विद्यापीठांत कीं मुंबईस, बंगळुरास, दिल्लीस? आमच्या आजोबांच्या पिढीस हा वाद ठाऊक नव्हता, कारण निवडण्यासारखें त्यांच्यापुढें फारसें कांहीं नव्हतेंच. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १९४९ सालीं पुण्याचें विद्यापीठ निघेपर्यंत पुण्यांतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसही पदवी मुंबईचीच मिळत असे. नागपूरचें विद्यापीठ १९२३ चें. त्यानंतर मात्र विद्यापीठें जणूं घराकडे चालत आलीं: मराठवाड्यांत १९५८, कोल्हापुरास १९६२, अमरावतीस १९८३, जळगांवास १९९०, नांदेडास १९९४, सोलापुरास २००४, गडचिरोलीस २०११. सोलापूरचें तर एका जिल्ह्यापुरतेंच आहे. ही सोय मोठी आहे, व ज्यांनीं ती आणली त्यांचे उपकारही मोठे आहेत. परंतु सोय आली कीं निवड येते, आणि निवड आली कीं तिचा जबाब द्यावा लागतो.

'जवळ' हा शब्द थोडा फसवा आहे, हेंही आरंभींच सांगितलें पाहिजे. सिरोंच्याच्या मुलास गडचिरोलीचें विद्यापीठ आपलें म्हणतां येईल. पण तें त्याच्या घरापासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. उलट, नेवाशाचें व पुण्याचें महाविद्यालय एकाच विद्यापीठास जोडलेलें असलें, तर स्वायत्त महाविद्यालयें वगळतां दोहोंकडे अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, पदवीपत्रावरील नांवही एक. फरक पडतो तो प्रयोगशाळेंत, ग्रंथालयांत, आणि संध्याकाळीं कोणाच्या संगतींत बसावयास मिळतें यांत. जी मुलगी रोज एस.टी.नें दोन तास जाते व दोन तास येते, आणि आल्यावर चुलीपाशीं बसते, ती घरीं राहूनही पुस्तकापासून पुष्कळ दूर आहे. असो. हे हिशेबाचे प्रश्न आहेत. चार ठिकाणीं चौकशी केली कीं उलगडतात.

आमच्या मतें खरा नैतिक प्रश्न जवळ कीं दूर हा नाहींच. जवळ ठेवणें हें जसें प्रेमाचें लक्षण असूं शकतें तसेंच भीतीचेंही. दूर पाठविणें हें जसें त्यागाचें तसेंच मिजाशीचेंही. प्रश्न असा आहे कीं, ज्या कारणानें आपण निर्णय केला तेंच कारण आपण मुलास सांगितलें काय?

एक घर डोळ्यांपुढें आणावें. मुलगी शास्त्र शाखेंतून चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली आहे. तिला सूक्ष्मजीवशास्त्र शिकावयाचें आहे, व तो विषय तालुक्यास नाहीं. वडील म्हणतात, "पुण्यास आतां पूर्वींसारखें शिक्षण राहिलेलें नाहीं." आई म्हणते, "तुला तेथलें पाणी सोसणार नाहीं." आजी म्हणते, "येथें जो विषय मिळतो तो काय वाईट आहे?" या तिघांच्या मनांत काय आहे? वडिलांच्या मनांत गेल्या वर्षीं खणलेल्या विहिरीचें कर्ज आहे. आईच्या मनांत वसतिगृहाची धास्ती आहे. आजीच्या मनांत, नात गेल्यावर आपलें औषधपाणी कोण पाहील ही चिंता आहे. तिन्ही कारणें खरीं आहेत, तिन्ही माणसास शोभणारीं आहेत, आणि त्यांपैकीं एकही तिला सांगितलेलें नाहीं. दोन वर्षांनीं तिचा भाऊ बारावी होतो व त्याच पुण्यास जातो. तेव्हां पाणीही सोसतें आणि शिक्षणही सुधारलेलें असतें!

यांत वाईट काय झालें? मुलगी घरीं राहिली हें वाईट असेंच नाहीं. तालुक्याच्या महाविद्यालयांत शिकून मोठीं कामें केलेलीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. वाईट हें कीं, खऱ्या कारणास उत्तर देतां आलें असतें आणि तें देण्याची संधीच कोणास मिळाली नाहीं. कर्ज आहे म्हटलें असतें तर शिष्यवृत्ति शोधतां आली असती, सरकारी वसतिगृहाचा अर्ज करतां आला असता. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें, ८ लाख रुपयांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ठराविक प्रवर्गांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. असा एखादा अभ्यासक्रम तिच्या मनास येतो काय, व आपलें घर त्या सवलतींत बसतें काय, हें निदान पाहतां आलें असतें. धास्ती वाटते म्हटलें असतें तर आईस बरोबर नेऊन वसतिगृह दाखवून आणतां आलें असतें. आजीच्या औषधाचें म्हटलें असतें तर चुलत्यांशीं बोलतां आलें असतें, आणि भावालाही गोळ्या वेळेवर द्यावयास शिकवितां आलें असतें. तें कांहीं बायकांनाच येणारें काम नव्हे. पण "तेथलें पाणी सोसणार नाहीं" यास काय उत्तर द्यावें? खोट्या कारणास उत्तर नसतें, म्हणूनच तें पुढें केलें जातें.

हा दोष केवळ वडीलधाऱ्यांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. मुलेंही हेंच करतात. "हा विषय आपल्याकडे नाहीं" असें मुलगा म्हणतो, व त्याच्या मनांत असतें कीं दारू पिऊन येणाऱ्या बापाच्या आवाजापासून दूर कोठें तरी झोंप लागावी. हें कारण लाजिरवाणें नाहीं. आम्ही तर म्हणूं कीं, विषयाच्या कारणाहून तें अधिक बळकट आहे. पण तें निदान आईपाशीं बोलून दाखविलें पाहिजे. नाहीं तर आईस वाटत राहतें कीं मुलगा आपल्याला सोडून गेला. याच्या उलट प्रकारही आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांतील 'कुर्बान' उपदेशकांस ठाऊक आहेच. आईबापांस द्यावयाचें तें देवाला वाहिलें असें म्हणून मोकळे होणारे लोक त्या काळीं होते. दोष अर्पणाचा नव्हता. पवित्र नांवाखालीं आपली सुटका करून घेण्याचा होता. आजच्या काळीं शिक्षण हेंही कधीं कधीं असेंच कुर्बान होतें. म्हाताऱ्या आईबापांकडे परतावयाचें नसलें कीं एका पदवीवर दुसरी पदवी, तीवर तिसरी. आणि शिक्षणाचें नांव घेतलें कीं गांवांत कोणी पुढें विचारीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, सतरा-अठरा वर्षांच्या लेकरावर घराचें सारें ओझें कशाला घालावें? बापाचा आजार बळावला आहे, सावकार दारांत येऊन बसतो, हें त्याला सांगणें ही क्रूरता नव्हे काय? हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाहीं. सत्य बोलावें हें खरें, पण प्रत्येक सत्य प्रत्येकास प्रत्येक वेळीं सांगावेंच असें कोणीं म्हटलें आहे? तरीही न सांगणें व खोटें सांगणें यांत अंतर आहे. "घरच्या कांहीं अडचणींमुळें यंदा तुला दूर पाठवितां येत नाहीं, त्या कोणत्या हें आज मला सांगवत नाहीं," असें बाप म्हणाला तर त्यानें झांकलें खरें, पण फसविलें नाहीं. पडद्यामागें कांहीं आहे हें मुलास कळतें, व तो पडदा उद्यां दूर होईल अशी आशाही राहते. परंतु पडद्यावर दुसरेंच चित्र रंगविलें, तर मूल त्या चित्राप्रमाणें स्वतःस पाहूं लागतें. आपली प्रकृति नाजूक, आपली बुद्धि बेताची, शहर आपल्यासाठीं नव्हे. विहिरीचें कर्ज पांच वर्षांत फिटेल. ही समजूत कशानें फिटावी?

आपलें कारण चारचौघांपुढें मांडून दूर गेलेली एक मुलगी महाराष्ट्रास ठाऊक आहे. १८८३ सालच्या फेब्रुवारींत आनंदीबाई जोशी यांनीं श्रीरामपूर येथें (हें बंगालमधील, आपल्या जिल्ह्यांतील नव्हे) तेथील कॉलेजांत जाहीर भाषण केलें. तेव्हां त्यांना १८ वर्षेंही पूर्ण झालेलीं नव्हतीं. अमेरिकेस कां जातां, येथें शिकण्याची सोय नाहीं काय, एकट्या कां जातां, जातीबाहेर टाकतील त्याचें काय, संकट आलें तर काय, असे जे प्रश्न लोक माघारीं विचारीत होते ते त्यांनीं स्वतःच एकेक घेतले व प्रत्येकास उत्तर दिलें. धर्म सोडणार नाहीं हेंही त्यांनीं सांगितलें, आणि तें वचन पाळलें. त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत गेल्या, १८८६ सालीं पदवी घेतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. ज्या रुग्णांसाठीं त्या शिकल्या त्यांची सेवा त्यांच्या हातून होऊं शकली नाहीं. मग जाणें चुकलें काय? परिणाम पाहून असा निवाडा करणारे तेव्हांही होते. आम्हांस इतकेंच दिसतें कीं, ज्यांनीं त्यांना विरोध केला त्यांनाही विरोध कशास करावयाचा हें स्पष्ट ठाऊक होतें, आणि ज्यांनीं साह्य केलें त्यांनाही साह्य कशास हें ठाऊक होतें.

दूर गेलेल्यानें परत यावें ही अपेक्षाही पुष्कळदां अशीच न बोललेली राहते. १९१३ सालीं भीमराव आंबेडकर हे बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी असा करार होता, व तो लिहून घेतलेला होता. १९१७ सालीं ते परतले व बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्या शहरांत त्यांना राहावयास घर मिळेना, आणि त्यांना तें शहर सोडावें लागलें. करार उघड होता, म्हणून तो कोणामुळें मोडला हेंही आज उघड दिसतें. आपल्या घरांतील करार कागदावर नसतात, जिभेवरही नसतात. मुलगा नोकरी लागून तिकडेच राहिला कीं बाप म्हणतो, "यासाठीं मीं शेत विकलें होतें काय?" कशासाठीं विकलें होतें तें त्या दिवशीं सांगितलें होतें काय, हें त्याला कोणी विचारीत नाहीं.

त्याच आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं तेव्हांच्या औरंगाबादेंत महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यांतील महाविद्यालयीन शिक्षण त्या वेळीं सुमारे ५०० किलोमीटरांवरील हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाखालीं होतें. न्यूयॉर्क व लंडन येथें शिकलेल्या मनुष्यानें गरिबांच्या मुलांसाठीं विद्या त्यांच्या दाराजवळ आणली. आपल्या नगरांतही १९४७ सालीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं महाविद्यालय स्थापिलें तेव्हां खेड्यापाड्यांतील मुलांस दुसरा मार्ग दूरचाच होता. म्हणून, जवळ राहणारा भित्रा व दूर जाणारा धाडसी, ही जी भाषा हल्लीं मुलांच्या तोंडीं असते ती आम्हांस आवडत नाहीं.

आणखी एक गोष्ट राहते. एकाच्या जाण्याचा खर्च पुष्कळदां दुसऱ्याच्या वांट्यास येतो. थोरल्यासाठीं म्हैस विकली जाते आणि धाकटीची शाळा दहावीवर थांबते. थोरला दूर जाऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या दिवशीं म्हैस विकण्याचें ठरतें त्या दिवशीं धाकटीला त्या बैठकींत बसवावें. ती कदाचित् खुशीनें होय म्हणेल. होय म्हणण्याचा मान तिला मिळाला तर तिनें जें सोडलें तें तिचें दान ठरतें. न विचारतां घेतलें तर तिचें नुकसान. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठांतून (तें १९८९ चें आहे) घरचें काम करीत पुढें पदवी घेतां येते, ही वाट तिला तरी दाखवून ठेवावी.

उपदेशकांस शेवटीं एवढेंच लिहावयाचें कीं, जून महिन्यांत तुम्हांस अशा घरांतून बोलावणें येईल. "मास्तर, पोरीला जरा समजावून सांगा," असें बाप दारांतच म्हणेल. समजावण्यापूर्वीं बापाला अंगणांत घेऊन बसावें व काय समजवावयाचें तें विचारावें. पहिलें कारण सांगेल तें ऐकून घ्यावें, व आणखी थोडें थांबावें. दुसरें किंवा तिसरें बहुधा खरें असतें. पैशाचें असलें तर कागद-पेन्सिल घेऊन मोजावें. भीतीचें असलें तर कोणाची भीती तें विचारावें: शहराची, मुलीची, कीं शेजाऱ्यांच्या बोलण्याची? आणि कांहीं ठिकाणीं असेंही निघेल कीं, तिच्यासाठीं स्थळ येऊन राहिलें आहे व दिवाळीनंतर लग्न उरकावयाचें आहे. मग तो प्रश्न विद्यापीठाचा राहिलाच नाहीं. त्या मुलीस आधीं स्थळाविषयीं विचारावें, आणि प्रवेशअर्जाची मुदत संपण्यापूर्वीं विचारावें.