तिच्या सेवेचा हिशेब



नोव्हेंबर हा आपल्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचा महिना. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरीवरचे गवत काढतो, फुले ठेवतो, मेणबत्ती लावतो. गेली तीन वर्षे मी पत्नीच्या कबरीवर जातो आहे. याच महिन्यात मी पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखलाही देतो. गेल्या वर्षी खिडकीवरच्या मुलीने विचारले, "काका, नॉमिनी कोण ठेवायचं?" कागदावर अजून हिचेच नाव होते. "पुढच्या वेळी सांगतो," असे म्हणून मी बाहेर आलो.

मी ३४ वर्षे पिंपरीत कारखान्यात काम केले. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटीचा हिशेब हातात मिळाला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. एका कागदावर माझा सगळा हिशेब मिटला. घरी येऊन तो कागद हिला दाखवला. तिने तो देवाच्या फोटोपुढे ठेवला आणि चहा टाकला. तिच्या ३४ वर्षांचा कागद कोणी केला नव्हता, आणि मलाही ते तेव्हा सुचले नाही.

आपल्या भागातल्या बहिणींना ही सेवा काय असते ते सांगायला नको. पहिल्या पाळीचा डबा पहाटे करायचा. दुसऱ्या पाळीचे जेवण मध्यरात्री गरम करायचे. रात्रपाळी असली की नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून मुलांना दिवसभर गप्प ठेवायचे. रविवारी ती एकटीच मुलांना घेऊन मिस्साला यायची. मी म्हणायचो, "रिटायर झालो की सगळा वेळ तुझाच." पोटासाठी पाळी करणे हे पाप नव्हे. पण खरे सांगायचे तर सगळा दोष पाळीचा नव्हता. ओव्हरटाइम नसलेले कितीतरी रविवार मी मित्रांबरोबर पत्त्यांत घालवले.

देवाने आम्हांला निवृत्तीनंतर नऊ वर्षे दिली. सकाळी निगडीच्या दुर्गा टेकडीवर फिरायला जायचो. मग भाजी घ्यायची, आणि भाव तिनेच करायचा. कधी लोकलने लोणावळा, सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची यात्रा. संध्याकाळी रोझरी, आणि त्यानंतर चहात साखर किती यावरून भांडण. एकदा टेकडीवर बसलो असताना ती म्हणाली, "अहो, आपलं लग्न आत्ता झाल्यासारखं वाटतंय." मी हसलो. ती गेल्यावर मात्र हे वाक्य टोचू लागले. लग्न आत्ता झाले, तर आधीची ३४ वर्षे ती कोणाबरोबर होती?

मग प्रश्न पडतो: प्रेम पुढे ढकलता येते का? नऊ वर्षांच्या सुखाने ३४ वर्षांची भरपाई होते का?

आपल्या जवळच, पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या आवारात कस्तुरबांची समाधी आहे. तिथेच कैदेत असताना २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. साठ वर्षांहून अधिक काळाचा तो संसार. दहन चालू असताना लोकांनी विश्रांती घेण्याची विनंती केली, तरी वृद्ध गांधीजी चितेजवळून हलेनात. याच माणसाने आपल्या आत्मचरित्रात, पत्नी हयात असतानाच, कबूल केले होते की दरबानला रागाच्या भरात आपण तिचा हात धरून तिला घराबाहेर काढायला निघालो होतो. आठवण खरी असावी ती अशी. चुका झाकून मांडलेली आठवण ही बाईची नसते, भिंतीवरच्या फोटोची असते.

आणि कित्येकांना तर नऊ वर्षेही मिळत नाहीत. संत तेरेजाचे आईवडील झेली आणि लुई मार्टिन यांना पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्र संत म्हणून घोषित केले. झेली १८७७ मध्ये कर्करोगाने वारली. लग्नाला जेमतेम १९ वर्षे झाली होती आणि घरात पाच मुली होत्या. एकत्र म्हातारे होणे संतांच्याही वाट्याला आले नाही. तो कोणाचाच हक्क नाही.

ती गेल्यावर मी दर महिन्याला तिच्यासाठी मिस्साचा हेतू देऊ लागलो. एकदा फादरांना सगळे मन मोकळे करून सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्ही हे हप्ते भरताय का? तिने मागितले होते का?"

घरी येऊन पुष्कळ विचार केला. निवृत्तीनंतर ती माझ्याशी अबोला धरू शकली असती. मुलांकडे जाऊन राहू शकली असती. तसे न करता तिने रोज सकाळी चपला घातल्या आणि माझ्याबरोबर टेकडी चढली. मला वाटत होते, मी तिला वेळ देतो आहे. खरे म्हणजे न मागितलेली क्षमा ती मला रोज देत होती. तेव्हा भरपाई मी केलीच नाही, आणि ती माझ्या हातून होणारही नव्हती. मिस्साचा हेतू मी आजही देतो, पण आता हप्ता म्हणून नाही. संतांच्या समागमावर आपण दर रविवारी श्रद्धा प्रकट करतो. त्या श्रद्धेने मी तिच्यासाठी प्रार्थना करतो आणि तीही माझ्यासाठी करत असेल असा विश्वास ठेवतो.

आता चाकणच्या बसमध्ये बसणाऱ्या तरुण बांधवांना एक सांगणे. पाळी चुकवू नका, घर त्यावर चालते. पण पाळी नसलेला रविवार घरच्या माणसांचा आहे. "रिटायर झाल्यावर" असे म्हणू नका. क्षमा करायला ती तेव्हा असेलच, असे कोणी लिहून दिलेले नाही.

या वर्षी बँकेत नॉमिनी म्हणून मुलीचे नाव लिहिले. हात थोडा थरथरला. बाहेर येऊन तिथूनच दफनभूमीत गेलो आणि हिला सांगून आलो.

प्रभू आपल्या सर्व मृतांना चिरशांती देवो.