राखलेले रान

इंग्लंडच्या ग्रामीण भागात जी मोजकी छोटी राने अजून जुन्या पद्धतीने तोडली जातात, तिथे तोडीच्या तुकड्याशेजारी बहुधा एक पाटी असते. शब्द वेगवेगळे, मतलब एकच : घाबरू नका, ही कत्तल नाही, झाडे पुन्हा वाढणार आहेत. पाटी लावावी लागते, कारण वसंतात ब्लूबेलचा बहर पाहायला आलेल्या माणसाला वाटेत अचानक उघडी पडलेली एकरभर जमीन दिसते, जमिनीलगत छाटलेले खुंट आणि बांधून ठेवलेल्या मोळ्या दिसतात, आणि तो हळहळतो. कधी तक्रारही करतो. पुढच्या वळणावर जी फुले पाहून तो हरखणार आहे, ती अशाच तोडींच्या जिवावर शतकानुशतके तिथे टिकली, हे त्याच्या ध्यानी येत नाही. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. झाडांविषयीची सगळी सार्वजनिक चर्चाच आज दोन क्रियापदांवर चालते : लावा आणि तोडू नका. डिसेंबर २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रिटनमधल्या पक्षांनी तर झाडांचा लिलावच मांडला होता. हुजूर पक्षाने वर्षाला ३ कोटी झाडांचे वचन दिले, लिबरल डेमोक्रॅट ६ कोटींवर गेले आणि मजूर पक्षाने २०४० पर्यंत २०० कोटींची बोली लावली. झाडे मोजता येतात, म्हणून निवडणुकीत उपयोगी पडतात. रान मोजता येत नाही. रोपवाटिकेतल्या काड्या ओळीने रोवून रान तयार होते असे मानणाऱ्यांशी वाद घालण्यात जागा घालवण्याचे कारण नाही; आणि नव्या रेल्वेमार्गाखाली येणाऱ्या प्राचीन रानाची माती उचलून दुसरीकडे पसरली की रानही तिकडे जाते, असे म्हणणाऱ्यांशी तर त्याहून नाही.

वयाचीच गोष्ट घ्या. इंग्लंडमध्ये ‘प्राचीन रान’ ठरवायचे ते १६०० या सालावरून. तेव्हापासून आजवर जी जागा सलग रानच राहिली ती प्राचीन, कारण त्यापूर्वी मुद्दाम झाडे लावून रान करण्याची चाल फारशी नव्हती. म्हणजे वय पाहायचे ते जागेचे. तिथल्या एकेका खोडाचे वय पाच वर्षे असले तरी बिघडत नाही. अशी जागा ब्रिटनच्या भूमीच्या अवघी अडीच टक्के उरली आहे, तीही बरीचशी शेतांच्या मधल्या लहान लहान तुकड्यांत. सफोक परगण्यातले ब्रॅडफील्ड वुड्स हे त्यातले एक. मध्ययुगात ते बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचे होते, आणि १२५२ पासून तिथे नेमाने तोड होत आल्याच्या नोंदी आहेत. मठ गेला, आठव्या हेन्रीच्या काळात त्याचे दगडसुद्धा लोकांनी नेले. तोड चालू राहिली. विसाव्या शतकातही जवळच्या लिटल वेल्नेथममधला दाताळी आणि विळ्यांचे दांडे बनवणारा कारखाना इथल्याच काठ्या घेत होता. ज्या राजवटी, धर्म आणि मालक बदलले त्यांच्याहून काठीची गरज चिवट निघाली. १९६० नंतरच्या दशकात मात्र या रानाचा मोठा भाग शेतीसाठी मुळासकट उखडला गेला आणि उरलेला १९७० मध्ये निसर्गरक्षकांनी विकत घेऊन वाचवला.

या तोडीला इंग्रजीत ‘कॉपिसिंग’ म्हणतात. हिवाळ्यात हेझल किंवा ॲश जमिनीलगत तोडायचा. घाव तिरपा, उताराचा घालायचा, म्हणजे पाणी खुंटावर साचत नाही. मूळ जिवंत असते. पुढच्या वसंतात खुंटाला डझनभर धुमारे फुटतात आणि सात, दहा, पंधरा वर्षांत जातीनुसार मनगटाएवढे किंवा मांडीएवढे जाड होतात. मग पुन्हा तोड. यातली मौज अशी, की जो ॲश कोणी हात न लावता वाढतो तो सहसा दोन-एकशे वर्षांत म्हातारा होऊन पडतो. आणि ब्रॅडफील्डमधला एक ॲश, जो पुन्हापुन्हा तोडला गेला, तो हजार वर्षांचा असावा असा अंदाज आहे. तो दिसायला झाड वाटतच नाही. मधला भाग केव्हाच कुजून गेला आहे आणि सुमारे अठरा फूट व्यासाचे एक कडे उरले आहे. त्यावर विखुरलेले शेवाळलेले खुंट वेगवेगळ्या झाडांचे वाटतात, पण ते सगळे एकाच जिवाचे. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकम (१९३९–२०१५) यांनी आयुष्यभर असे खुंट, रानाच्या कडेचे बांध आणि मठांची जुनी दप्तरे एकमेकांशेजारी ठेवून वाचली. बांधांवरून तर रान राखणाऱ्याचा हेतूच वाचता येतो : बांध रानाच्या बाजूला, चर बाहेरच्या बाजूला. गुरे आत येऊ नयेत, कोवळे धुमारे खाऊ नयेत, एवढ्यासाठी कित्येक मैल माती माणसांनी हाताने उपसली. ज्याला रान नको असते तो असे कष्ट करत नाही.

तोडीनंतर जमिनीवर ऊन पडते, आणि इथे खरी गंमत सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात प्रिमरोझ, ऑक्सलिप, व्हायोलेट उसळून येतात. व्हायोलेटवर अंडी घालणारे एक नारिंगी फुलपाखरू लाकूडतोड्यांच्या मागोमाग एका तोडीतून दुसऱ्या तोडीत जाते, म्हणून त्याला त्यांचा सोबतीच म्हणत. मग काटेरी जाळी माजते. पाच-सहा वर्षांच्या त्या दाटीत नाइटिंगेल घरटे करतो. पुढे हेझलला फळ धरते आणि डॉरमाउस नावाचा झोपाळू उंदीर येतो. मग छत मिटते, खाली काळोख होतो, फुले जमिनीत बी आणि कंद होऊन वाट पाहत राहतात. दर वर्षी एकच तुकडा तोडायचा असल्याने या सगळ्या अवस्था एकाच रानात एकमेकींना लागून नांदतात.

या चित्राला आज सर्वांत जोरदार आव्हान आहे ते ‘रीवाइल्डिंग’चे, आणि ते चटकन झटकून टाकण्याजोगे नाही. जॉर्ज मॉनबियो यांचे ‘फेरल’ २०१३ मध्ये आले, इझाबेला ट्री यांचे ‘वाइल्डिंग’ २०१८ मध्ये. तेव्हापासून सुशिक्षित इंग्रजांचे निसर्गाविषयीचे मत बरेचसे या विचाराने घडवले आहे. म्हणणे थोडक्यात असे : माणसाने पुष्कळ लुडबूड केली, आता बाजूला व्हावे, मोठी जनावरे परत आणावीत, आणि काय उगवायचे ते जमिनीला ठरवू द्यावे. डच अभ्यासक फ्रान्स व्हेरा यांनी त्याला शास्त्रीय पाया दिला, की मूळचा युरोप हे गच्च अरण्य नव्हतेच, चरणाऱ्या कळपांनी ते कुरण आणि झाडोऱ्याचे मिश्रण करून ठेवले होते. ससेक्समधल्या नेप इस्टेटने सुमारे साडेतीन हजार एकरांवर हा प्रयोग २००१ पासून केला आणि तिथे नाइटिंगेल वाढले, होले वाढले, जांभळ्या झळाळीचे दुर्मिळ फुलपाखरू आले. हे खरे आहे आणि कोत्या मनानेच ते नाकारता येईल. नाइटिंगेलची संख्या देशभरात अर्ध्या शतकात नव्वद टक्क्यांच्या आसपास घसरली असताना एका तोट्यातल्या शेतावर तो गातो, ही साधी गोष्ट नाही.

पण नेपमध्ये खरोखर काय चालते ते पाहावे. तिथे लांब शिंगांची गुरे, टॅमवर्थ डुकरे, एक्समूरची तट्टे सोडली आहेत. कोणती जात सोडायची हे माणसांनी ठरवले. किती ठेवायची हेही माणसेच ठरवतात, आणि जादा झालेली जनावरे मारून त्यांचे मांस विकले जाते. हे उत्तम आहे. मात्र याला ‘बाजूला होणे’ म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे. कोयत्याच्या जागी डुकराचे मुस्कट आले, एवढेच. जिथे खरोखरच बाजूला होण्याचा हट्ट धरला गेला, त्या हॉलंडमधल्या ओस्टवार्डर्सप्लासेनमध्ये कुंपणाच्या आत कळप वाढू दिले, आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात उपासमारीमुळे तीन हजारांहून जास्त जनावरे गेली. बहुतेकांना मरणापूर्वी गोळी घालावी लागली. लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या टाकत होते. बाजूला झालेला माणूस बंदूक घेऊन परत येतो, फक्त उशिरा.

शिवाय नेप हे शेत होते. नापिकीने थकलेल्या शेताला मोकळे सोडणे वेगळे आणि आठशे वर्षे राखलेल्या दीड-दोनशे एकरांच्या रानाला सोडणे वेगळे. दुसरा प्रयोग करायची गरजच नाही, तो होऊन गेला आहे. दगडी कोळसा आणि रेल्वे आल्यावर सरपणाला भाव उरला नाही, आणि विसाव्या शतकात इंग्लंडची बहुतेक राने कोणी तोडेनासे झाले. निकाल समोर आहे : एकाच वयाची उंच झाडे, खाली काळोख, आणि फुलपाखरे हद्दपार. लांडगे इंग्लंडमधून पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी संपले. हरणांना आवर घालणारे कोणी नाही, त्यात वोबर्नच्या सरदारी बागेतून सुटलेल्या चिनी मुंटजॅकची भर. अशा देशात छोटे रान ‘निसर्गावर सोडणे’ म्हणजे ते हरणांच्या दातांवर सोडणे. केंब्रिजजवळच्या हेली वुड या रानाचे वर्णन १२५१ च्या दप्तरात सापडते; तिथले ऑक्सलिप हरणांनी खाल्ले म्हणून कुंपण घालावे लागले. आणि माणसाच्या आधीचे रान कुठून आणणार? सॉमरसेटच्या दलदलीत सापडलेली ‘स्वीट ट्रॅक’ ही पायवाट इ. स. पूर्व ३८०७-०६ च्या हिवाळ्यात तोडलेल्या लाकडांची आहे, आणि तिच्यातल्या सरळ काठ्या तोडून पुन्हा फुटलेल्या झाडांच्या दिसतात. ज्या फुलांना आपण रानटी म्हणतो त्यांना कोयत्याची सवय पिरॅमिडांच्याही आधीपासूनची आहे.

हा जुन्या काळाचा गहिवर आहे, असाही आक्षेप येतो. गहिवर घालण्याजोगे त्यात फारसे नव्हतेच. मठ आणि जमीनदार कोणाला किती फाटा नेऊ द्यायचा यावर कुळांना नाडतच असत. काठ्या आज कोण घेणार, हा प्रश्न जास्त खरा आहे, आणि त्याचे उत्तर अर्धेमुर्धेच देता येते : काही कुडाच्या टाट्यांना, काही सरपणाला, बाकी स्वयंसेवकांच्या घामाला आणि वर्गणीला. पण रान सोडून देण्याचा खर्चही कोणी तरी भरतोच. तो ताळेबंदात दिसत नाही, एवढेच.

गोंधळाचे मूळ मला एका शब्दात दिसते, आणि तो मराठीत जास्त स्पष्ट दिसतो. ‘राखणे’ आणि ‘राखीव’ हे एकाच धातूचे, पण त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. राखणारा माणूस रानात असतो. राखीव रानातून माणूस बाहेर काढलेला असतो. इंग्रजीतही ‘वुड’ आणि ‘फॉरेस्ट’ यांच्यात मुळात असाच भेद होता. मध्ययुगातले ‘फॉरेस्ट’ म्हणजे राजाच्या हरणांसाठी वेगळा कायदा लागू असलेला मुलूख. तिथे झाडे असायलाच हवीत असे नव्हते. वहिवाट चाले ती ‘वुड’मध्ये. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने आपल्याकडे ‘राखीव जंगल’ आणले ते याच ‘फॉरेस्ट’च्या वंशातले, वर जर्मन वनशास्त्राचे कलम केलेले. ठाणे-कुलाब्यातला शेतकरी राबासाठी ऐन-किंजळीचे टहाळ तोडी, ते वनखात्याला नासधूस वाटले. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ चा. आणि इंग्लंडमध्ये वनशास्त्र शिकवायला कोण आले? भारताच्या वनखात्याचे प्रमुख राहिलेले विल्यम श्लिख. १८८५ मध्ये त्यांनी कूपर्स हिलला वनशाखा काढली, १९०५ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. १९१९ मध्ये ब्रिटनचा वन आयोग स्थापन झाला तेव्हा वनशास्त्र म्हणजे काय याची कल्पना अशी हिंदुस्थानावरून फिरून घरी पोचली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच वृत्तीने जुन्या रानांतले ओक-ॲश विष घालून मारले आणि सूचिपर्णी लावले. रॅकम त्या काळाला टोळधाडीची वर्षे म्हणत. रीवाइल्डिंगवाल्यांना हे सूचिपर्णी डोळ्यांसमोर नको असतात, पण वनखाते आणि ते एका मुद्द्यावर जुळे भाऊ आहेत : गावच्या माणसाच्या हातातला कोयता दोघांनाही अडाणी वाटतो.

लावण्याच्या हौसेचे एक बिल मात्र अजून चुकते होते आहे. ॲशला मारणारी बुरशी ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये प्रथम सापडली ती एका रोपवाटिकेत, परदेशातून मागवलेल्या रोपांवर. ज्या देशात ॲश तणासारखा आपोआप उगवतो, तिथे तो बाहेरून आणून लावला जात होता. वाऱ्यानेही ही बुरशी खाडी ओलांडून आलीच असती, आली आहेच. तरी तिला गावोगाव गाडीतून पोचवण्याची गरज नव्हती. आता ब्रॅडफील्डसारख्या रानांत हिवाळी तोडीला जास्त मोल आले आहे. कोणता खुंट पुन्हा फुटतो आणि कोणता नाही, हे पाहायला दर तुकड्यात माणूस खाली वाकून जातो. तोड संपली की हेझलचे वरचे फाटे, जे कशाच्याच कामाचे नसतात, ते तुकड्याभोवती खुंट्यांमध्ये रचून छातीएवढे कुंपण करतात. ते चार-पाच वर्षांत कुजून बसते. तोवर धुमारे हरणाच्या तोंडाच्या वर गेलेले असतात.