अस्पष्ट आज्ञेचें ओझें

आज्ञा अस्पष्ट असली आणि काम बिघडलें, तर दोष कोणाचा, हा प्रश्न जुना आहे. पण त्याचें उत्तर देण्याची निकड आज नव्यानें उत्पन्न झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे 'एजंट' हल्लीं प्रचारांत आले आहेत, ते नुसतीं उत्तरें देऊन थांबत नाहींत. ते पत्रें धाडतात, नोंदी शोधतात, फायली पुसतात. हीं कामें ते आपल्या हवालीं केलेल्या 'टूल्स'च्या, म्हणजे साधनांच्या, द्वारें करतात. साधनाच्या पोटांत काय आहे हें एजंटास सहसा दिसत नाहीं. त्याच्यापुढें साधनाचें नांव, त्यास कोणती माहिती पुरवावी याची यादी, आणि दोनचार ओळींचें वर्णन एवढेंच असतें. तेवढ्यावरून कोणतें साधन केव्हां उचलावयाचें हें त्यानें ठरवावयाचें. अशीं साधनें एजंटांस जोडून देण्यासाठीं अँथ्रॉपिक कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा नियमसंच प्रसिद्ध केला. त्यांत साधनास नांव हवेंच. वर्णन मात्र ऐच्छिक ठेविलें आहे. नियमानें जें ऐच्छिक, तें नीतीनेंही ऐच्छिक आहे काय?

समजा, एका ग्रंथालयाच्या प्रोग्रॅममध्यें 'नोंद काढणें' या नांवाचें साधन आहे. लिहिणाराच्या मनांत नोंद कायमची पुसून टाकणें हा अर्थ आहे. परंतु आपल्या भाषेंत शोधून काढणें हेंही काढणेंच होय. अशा स्थितींत कोणी एखाद्या पुस्तकाची चौकशी करावी आणि त्या पुस्तकाची नोंदच नाहींशी व्हावी, हें अशक्य नाहीं. 'तारीख' मागितली, पण ५/६ म्हणजे पांच जून कीं सहा मे, हें सांगितलें नाहीं. 'सभासद' मागितला, पण त्याचें नांव द्यावयाचें कीं क्रमांक, हें सांगितलें नाहीं. जुना कारकून असता तर 'रावसाहेब, काढूं म्हणजे दाखवूं कीं पुसूं?' असें विचारून मोकळा झाला असता. एजंटही विचारूं शकतो. पण ज्यास शंकाच आली नाहीं, तो विचारणार काय?

लिहिणारास जें दिसतें तें वाचणारास दिसत नाहीं, हें या दोषाचें मूळ होय. २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं क्रिमियांत बालाक्लाव्हा येथें लॉर्ड रॅग्लन यानें उंच जागेवरून आपल्या घोडदळास लेखी हुकूम पाठविला कीं, शत्रूस तोफा नेऊं देऊं नयेत. कोणत्या तोफा, हें त्यांत नव्हतें. रॅग्लनला शत्रूनें बाजूच्या उंचवट्यावर काबीज केलेल्या तोफा दिसत होत्या. खालीं असलेल्या लॉर्ड लूकनला त्या दिसत नव्हत्या. हलकें घोडदळ दरीच्या टोंकाच्या भलत्याच तोफखान्यावर चालून गेलें आणि त्याची धूळधाण झाली. पुढें रॅग्लननें दोष लूकनच्या माथीं मारला, व १८५५ मध्यें लूकनला परत बोलावण्यांत आलें.

या प्रश्नाचें मर्म आमच्या मतें येथें आहे. अस्पष्ट बोलणें हा आज्ञा देणाराचा एक न बोललेला हक्क होऊन बसला आहे. 'तेवढें जरा बघून घ्या' असें घरींदारीं आपण म्हणतों. त्यांतील रिकाम्या जागा हाताखालचा मनुष्य आपल्या बुद्धीनें भरतो. काम साधलें तर श्रेय आज्ञेचें, फसलें तर दोष त्याचा. १७७३ सालच्या आख्यायिकेंतील 'ध'चा 'मा' करणारास आपण आजवर दूषण देत आलों. पण त्या पत्रांतला 'ध' निदान स्पष्ट होता. ज्याचें अक्षरच दोन्ही प्रकारें लागतें, त्या लिहिणारास कोणी विचारीत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, यंत्र अधिक शहाणें झालें म्हणजे ही चिंता उरणार नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. हुशार वाचक रिकामी जागा पाहून थांबत नाहीं. तो ती सफाईनें भरतो, आणि भरणी जितकी सफाईदार तितकी चूक उशिरां उघडकीस येते. दुसरा आक्षेप असा कीं, लांबलचक वर्णनांनीं एजंटाचें लक्ष विभागतें. हा आक्षेप खरा आहे. पण स्पष्टता म्हणजे पाल्हाळ नव्हे. साधन काय करतें, केव्हां वापरूं नये, माहिती कोणत्या रूपांत हवी, आणि केलेलें परत फिरवितां येतें कीं नाहीं, एवढें चार वाक्यांत सांगतां येतें. जें परत फिरत नाहीं, त्यास मात्र शब्द पुरे नाहींत. तेथें माणसाची संमति घेण्याची सोय साधनांतच हवी.

एजंटाची बदली करून किंवा पगार कापून कोणाचें समाधान होणार नाहीं. त्याच्या माथीं दोष मारण्याची सोय नसल्यामुळें ओझें आपोआप लिहिणाराकडे परत येतें, आणि तें त्याचेंच होतें. यंत्रासाठीं चार ओळी नीट लिहिण्याची संवय ज्यास लागेल, त्यानें उद्यां आपल्या शिपायास चिठ्ठी लिहितांना ती सोडूं नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.